‘मला काही नको’ म्हणणाऱ्यांसाठी

गावाकडच्या एखाद्या निवृत्त गुरुजींचं कपाट उघडलं, की खालच्या कप्प्यात शालींची चळत हमखास सापडते. शाळेचं स्नेहसंमेलन, पतसंस्थेची वार्षिक सभा, वाचनालयाचा वर्धापनदिन, पुतण्याचं लग्न. प्रत्येक ठिकाणी खांद्यावर एक शाल पडलेली. बहुतेकींची घडीसुद्धा मोडलेली नसते. वरच्या कप्प्यात टोप्या, टॉवेल, शर्टपीस, कुणाच्या तरी साखरपुड्यात मिळालेलं पँटचं कापड. आणि हेच गुरुजी रोज सकाळी अंघोळीनंतर ज्या पंच्याने अंग पुसतात, तो मधोमध विरून जाळीदार झालेला असतो.

मराठी घरांत पुरुषाला काय द्यायचं हे मानाने ठरतं. त्याच्या वापराचा विचार क्वचितच होतो. सणांची रचनाही तशीच आहे. पाडव्याला बायको ओवाळते आणि नवरा तबकात ओवाळणी घालतो. भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ घालतो. नारळी पौर्णिमेलाही तेच. पुरुषाने द्यायचं, बाईने घ्यायचं. त्यामुळे साडीचा पोत, पैठणीचा काठ, दागिन्याची घडण यांची पारख घराघरांत पिढ्यानपिढ्या होत राहिली. पुरुषाला द्यायच्या वस्तूंची तशी पारख कुणी केलीच नाही. तो घेणारा असतो तो मान म्हणून, आणि मानाची वस्तू ठरलेली असते: टॉवेल-टोपी, शाल-श्रीफळ, पोशाख.

पश्चिम महाराष्ट्रातल्या लग्नात आजही मांडवात माइकवरून नावं पुकारली जातात आणि एकेक पाहुणा पुढे येऊन टॉवेल-टोपी घेतो. यात आपुलकी आहे, नाही असं नाही. नाव पुकारलं गेलं नाही तर सोयरे वर्षभर रुसतात. पण तो टॉवेल कुणी वापरत नाही. पातळ, खळ लावून ताठ केलेला, पहिल्याच धुण्यात अंगचं बळ गमावणारा. प्लास्टिकच्या पिशवीतून तो बाहेरसुद्धा काढला जात नाही, कारण पुढच्या लग्नात तोच आहेर म्हणून फिरवायचा असतो. दोनशे जणांना शंभर रुपयांची जोडी धरली तरी वीस हजार रुपये होतात. मुलीच्या बापाने कर्ज काढून जमवलेल्या पैशांतले वीस हजार असे पिशव्यांतून गावोगाव फिरत राहतात. कित्येक पत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं जातं, ते यासाठीच.

टॉवेल ही वस्तू मात्र वाईट नाही. उलट, पुरुषाला द्यायच्या परवडणाऱ्या वस्तूंत चांगल्या टॉवेलाइतकी रोज उपयोगी पडणारी वस्तू शोधून सापडणार नाही. तो चांगला हवा, एवढंच. सोलापूरच्या चादरीला जसं भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तसं तिथल्या टेरी टॉवेलालाही मिळालं आहे. या शहराचं विणकाम जुनं. इथली पहिली कापडगिरणी, जिला सोलापूरकर ‘जुनी मिल’ म्हणतात, १८७७ सालची. तेलंगणातून येऊन इथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी मागावरचं काम वाढवलं, आणि पूर्व भागातल्या गल्ल्यांतून आजही मराठीबरोबर तेलुगू ऐकू येतं. टॉवेल पारखायची रीत सोपी आहे. त्याचं वजन बघायचं. टेरी कापडाचा जाडपणा एका चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. पंचाहत्तर सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब टॉवेल साडेचारशे ग्रॅमच्या कापडाचा असेल, तर तो अर्धा किलो भरतो. हातात घेऊन अडीचशे ग्रॅमचा वाटला, तर तो अंग पुसायचा नाही, मान राखायचा टॉवेल आहे असं समजावं. नवा टॉवेल एकदोनदा धुतल्याशिवाय नीट पाणी टिपत नाही. धुताना कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घातलं, तर त्याची पाणी टिपण्याची ताकद आणखी कमी होते. देणाऱ्याने हे दोन शब्दांत सांगितलं, तर वस्तूबरोबर तिची निगाही पोचते.

ज्यांचं घर दमट आहे, दोरीवर जागा कमी आहे, त्यांना जाड टॉवेलापेक्षा सुती पंचा बरा. मुंबईच्या चाळीत किंवा कोकणातल्या पावसाळ्यात जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाही, कुबट वास धरतो. पंचा लवकर वाळतो. चांगल्या हातमागाचे दोन पंचे ही साठीच्या पुढच्या कुठल्याही काकांना आवडणारी भेट आहे, आणि तिची किंमत एका बऱ्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी पडते.

पुरुषाला द्यायच्या भेटीवरून मराठी समाजात सर्वांत जास्त ओढाताण होते ती जावयाच्या बाबतीत. पहिला दिवाळसण आणि त्यानंतर धोंड्याचा महिना. चांद्र आणि सौर वर्षांतला फरक भरून काढण्यासाठी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची रीत आहे. मुळात हे वाण खाण्याचं, घरच्या हातचं. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गुळात मळून, खसखशीवर थापून केलेले अनारसे. त्यात खर्च कमी आणि कष्ट जास्त. पण महिना सुरू झाला की सराफांच्या जाहिराती लागतात. चांदीचं ताम्हण, चांदीची निरांजनं, मग अंगठी, मग साखळी. ज्याला परवडतं त्याने द्यावं. ज्याला परवडत नाही त्यालाही ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने द्यावं लागतं, तिथे भेट संपून वसुली सुरू होते.

कायद्यानेही ही रेघ ओढलेली आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने लग्नात वराला मागणीशिवाय दिलेल्या भेटी चालतात, पण त्यांची यादी ठेवावी लागते. त्या रिवाजाला धरून असाव्यात, आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने त्यांची किंमत अवाजवी नसावी. ऐपतीची ही अट लग्नापुरती असली, तरी दिवाळसणाला आणि धोंड्यालाही लावायला हरकत नाही. जावयाच्या हातात त्याच्या कामाची चारशे रुपयांची वस्तू ठेवणाऱ्या सासऱ्याची मान खाली जात नाही. आणि ती वस्तू हसून घेणारा जावई सासरच्या घरावरचं ओझं उतरवतो, हे जावयांनीही ध्यानात घ्यायला हवं.

एकेकाळी जावयाची ठरलेली वस्तू होती मनगटी घड्याळ. बंगळुरूला एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळं काढायला सुरुवात केली. त्यातलं रोज चावी द्यायचं ‘जनता’ घड्याळ कित्येक लग्नांत नवरदेवाच्या मनगटावर चढलं. ते वापरात होतं आणि मानातही. शिक्षक, तलाठी, एसटीचा कंडक्टर तेच घड्याळ तीस-तीस वर्षं बांधत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळविभाग बंद करायचा निर्णय घेतला, तरी जुनी जनता घड्याळं दुरुस्त करून देणारे कारागीर अजून शहरांतून सापडतात. वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ साफ करून, नवा पट्टा घालून परत त्यांच्या हातात देणं ही काही शे रुपयांत होणारी फार मोलाची भेट आहे.

‘तुम्हाला काय आणू?’ असं विचारलं, की बहुतेक पुरुषांचं उत्तर ठरलेलं: ‘मला काही नको. उगाच खर्च कशाला?’ यात खोटेपणा नसतो. ज्या घरात मुलांची फी, आईचं औषध आणि गॅसचा सिलिंडर आधी येतो, तिथे कर्त्या माणसाला स्वतःसाठी काही मागायची सवयच उरत नाही. मग घरची माणसं अंदाजाने घेतात, आणि अंदाज चुकतो. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना नाताळच्या भेटींबद्दल विचारलं होतं. मिळालेल्या वस्तूचं घेणाऱ्याच्या लेखी मोल तिच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एकतृतीयांशापर्यंत कमी भरलं. सर्वांत जास्त घट होती ती लांबच्या नातलगांनी दिलेल्या वस्तूंत. रोजच्या सहवासातल्या माणसांचा नेम अधिक बरोबर लागत होता. पुढे २०११ मध्ये फ्रान्चेस्का जिनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देणाऱ्याला वाटतं की न मागता, मनाने शोधून दिलेली वस्तू समोरच्याला अधिक भावेल. घेणाऱ्याला मात्र मागितलेलीच वस्तू मिळाली तर जास्त आनंद होतो, असं त्यात दिसलं.

मराठी पुरुष मागत नाही, ही इथली अडचण. तेव्हा प्रश्न बदलायला हवा. काय हवंय, असं विचारायचंच नाही. काय मोडलंय, काय विरलंय, कुठली गोष्ट शेजारून उसनी आणावी लागते, ते बघायचं. ज्याच्या चपलेची टाच एका बाजूने झिजून कलली आहे, जो पाकिटाला रबर लावून हिंडतो, नळाचा वायसर बदलायला दर वेळी शेजाऱ्यांकडून पाना आणतो, त्याची यादी तयारच असते. ती आपल्याला वाचता यायला हवी.

चपलेवरून कोल्हापूर आठवणारच. भवानी मंडपाकडून शिवाजी चौकाच्या दिशेने निघालं, की चप्पल लाइनीत चामड्याचा वास आधी येतो, दुकानं मागून दिसतात. अस्सल कोल्हापुरी हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेल्या कातड्याची असते. तळाचे थर, वरचा पट्टा, अंगठा, दोन्ही बाजूंचे कान. हे सगळं चामड्याच्याच वादीने शिवलेलं, खिळा म्हणून नाही. पट्ट्यावरच्या बारीक वेण्या बहुतेक ठिकाणी घरातल्या बाया घालतात. कापशी हा प्रकार कागल तालुक्यातल्या कापशी गावचा. चालताना करकर वाजावी म्हणून थरांच्या मध्ये बी घालून शिवायची जुनी रीतही आहे. फेटा बांधून बैठकीला निघालेल्या पाटलाची चाहूल ती करकर आधीच द्यायची.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते आठ जिल्ह्यांना मिळून आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. चप्पल बनवणारी घरं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, हे त्यामुळे कागदावर आलं. मग २०२५ च्या जून महिन्यात इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये अगदी तशाच चपला मंचावर आणल्या आणि त्यांचं मूळ सांगितलं नाही. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं. ज्या जोडासाठी युरोपात भारी रक्कम मोजतात, तो कोल्हापुरात साधारण हजार-दोन हजारांत, कारागिराच्या समोर बसून मापाचा करून मिळतो. दिवाळीला पुरुषाला द्यायला याहून देखणी आणि उपयोगी वस्तू नाही, आणि तिचे पैसे थेट चर्मकाराच्या घरी जातात. हे इथे हट्टाने सांगायला हवं, कारण बाजारात रेग्झिनच्या आणि दाबलेल्या पुठ्ठ्याच्या तळाच्या नकला ‘कोल्हापुरी’ म्हणूनच खपतात.

घेताना चार गोष्टी बघाव्यात. ज्याला द्यायची त्याचं पाऊल संध्याकाळी कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून घ्यावं, कारण दिवसभर चालून पाऊल थोडं फुगतं. जोड नवा असताना किंचित घट्टच घ्यावा. चामडं पायाबरोबर सैल होतं. पहिले काही दिवस आतून-बाहेरून तेलाचं बोट फिरवावं. पावसात घालू नये, भिजली तर सावलीत वाळवावी. आणि एक इशारा महत्त्वाचा. ज्याला बरीच वर्षं मधुमेह आहे, पायाला मुंग्या येतात किंवा स्पर्श नीट कळत नाही, त्याला अंगठ्याची कडक नवी चप्पल देऊ नये. ती कुठे घासली हे त्याला कळत नाही आणि जखम चिघळते. अशांना मऊ तळाचा, पुढून बंद असलेला बूट द्यावा.

डोक्यासाठी द्यायची वस्तू एकच आहे, आणि ती देताना लाजायचं कारण नाही: हेल्मेट.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ५०,०२९ दुचाकीवर हेल्मेट न घातलेली होती. त्यांतही ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्ती कडक झाली तेव्हा तिच्याविरुद्ध आंदोलनं झाली. शहरात कुठे एवढा वेग असतो, मान दुखते, मागचं ऐकू येत नाही, हे मुद्दे तिथल्या कट्ट्यांवर अजून निघतात. मान दुखते ती बहुतेक वेळा चुकीच्या मापाच्या हेल्मेटने. सिग्नलवर दंड वाचवायला रस्त्याकडेच्या ढिगातून उचललेलं हेल्मेट डोक्यात डुगडुगतं, डोळ्यांवर येतं, आणि मग ते हँडलला लटकतं.

म्हणून हेल्मेट भेट द्यायचं तर ज्याला द्यायचं त्याला दुकानात घेऊन जायचं. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती फिरवली, की सेंटिमीटरमध्ये माप मिळतं. हेल्मेट घातल्यावर दोन्ही गाल थोडे दाबले जायला हवेत. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे हलवलं, तर त्याच्याबरोबर कपाळाची कातडी हलायला हवी. नुसतं हेल्मेट फिरलं तर माप मोठं आहे. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोनच बोटं शिरावीत. मागे आयएस ४१५१ हा क्रमांक आणि आयएसआयची खूण बघावी. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटांना ही खूण सक्तीची आहे. काळी काच दिसायला रुबाबदार असते, पण रात्री कामावरून घरी येणाऱ्याला पांढरीच काच हवी. एवढं सगळं हजार ते दोन हजारांत बसतं. आणि ज्याला हेल्मेट दिलं त्याच्या मागे बसणाऱ्या बायकोसाठी किंवा मुलासाठी दुसरं घेतलं, तर देणाऱ्या मेहुण्याची भाऊबीजेची ओवाळणीही त्यातच झाली.

शेतकरी भावासाठी बहिणीने काय न्यावं? सफारीचं कापड नक्कीच नको. महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी आली की भाऊ अंधारात बांधावरून चालत मोटर चालू करायला जातो, पायात साधी चप्पल आणि हातात मोबाइलचा उजेड. २०२० मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेल्याचा अंदाज काढला. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतले निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या महिन्यांतले. घोणस, नाग, मण्यार, फुरसं. दंश बहुतेकदा पायालाच होतो, पाऊल किंवा घोट्याच्या आसपास.

गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी. दोन्ही मिळून हजार रुपयांच्या आत-बाहेर येतात, तालुक्याच्या बाजारात खतांच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. बूट एक नंबर मोठा घ्यावा, म्हणजे आत सुती मोजा घालता येतो आणि घाम टिपला जातो. बॅटरी डोक्यावर असली की एक हात फावड्याला आणि एक स्टार्टरच्या पेटीला मोकळा राहतो. बूट गोठ्याच्या कोपऱ्यात उभे न ठेवता उलटे टांगावेत आणि घालण्याआधी झटकावेत, कारण विंचवाला अशी अंधारी जागा आवडते. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी दवाखान्यात पोचलेली मुलंही दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा वापर करून असंख्य जीव वाचवले आणि ते काम जगभर मानलं गेलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बुटांच्या खोक्यात एक चिठ्ठीही घालावी: साप चावला तर दोरी आवळून बांधायची नाही, चिरायचं नाही, हात-पाय हलवायचे नाहीत, १०८ ला फोन करून सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात जायचं. जवळचं तसं रुग्णालय कोणतं, त्याचं नाव आधीच चौकशी करून त्या चिठ्ठीत लिहावं.

हातांसाठीची यादी छोटी आहे. आठ इंची पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक पाना. नाशिकच्या सातपूरमध्ये कारखाना असलेल्या तापरिया कंपनीची हत्यारं देशभरातले वायरमन वापरतात, आणि वायरमन जे वापरतो ते घरात वीस वर्षं टिकतं. सुटी हत्यारं घ्यावीत. रंगीत पेटीतले चाळीस तुकड्यांचे स्वस्त संच पहिल्याच गंजलेल्या स्क्रूवर वाकतात. दाढीचंही तसंच. साधं दुधारी पात्याचं पितळी किंवा स्टीलचं रेझर एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं आणि पातं काही रुपयांत येतं, तर आधुनिक रेझरच्या एकेका कार्ट्रिजला शंभराच्या वर मोजावे लागतात. कॉलेजात जायला लागलेल्या पुतण्याला काकाने ते द्यावं आणि कसं धरायचं ते एकदा आरशासमोर उभं राहून दाखवावं.

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला रक्तदाब मोजायचं यंत्र देणं काहींना अशुभ वाटतं. सणासुदीला आजाराची आठवण कशाला, म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी चोवीस टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यावर गोळी घेत होते. चौघांत जवळपास एक. त्यातल्या कित्येकांना काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून तर यंत्र हवं. मनगटावरचं नको, दंडावर गुंडाळायचं घ्यावं. पट्टा दंडाच्या मापाचा असायला हवा, कारण आखूड पट्ट्याने आकडा उगाच वाढून येतो. यंत्राबरोबर एक छोटी वही आणि पेन्सिल द्यावी. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसायचं, दंड छातीच्या उंचीवर ठेवायचा, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, आणि तारखेसह लिहून ठेवायचं. डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग यंत्राइतकाच होतो.

पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी खोली करून राहिलेला, किंवा जर्मनीला शिकायला निघालेला मुलगा असेल, तर त्याच्यासाठी वेगळी थैली बांधावी. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं. वाटी-चमच्याच्या मापाने पाककृती सांगितल्यामुळे ते नवशिक्यांना सोपं गेलं आणि वर्षानुवर्षं लग्न झालेल्या मुलींच्या सामानात जात राहिलं. आता ते मुलांच्या बॅगेत जायला हवं. सोबत दोन लिटरचा कुकर, एक जादा रिंग आणि शिट्टी, आणि भरलेला मसाल्याचा डबा: हळद, तिखट, मोहरी, जिरं, हिंग, गोडा मसाला. परदेशात प्रेशर कुकरची रिंग सहज मिळत नाही, आणि ती फाटली की सगळा स्वयंपाक अडतो. खिचडी आणि वरणभात जमायला लागला, की परगावी त्याचे पैसेही वाचतात आणि पोटही ठीक राहतं. ज्या आईने मुलाला घरी कधी भांडं उचलू दिलं नाही, तिने त्याच्या जाण्याआधीचा एक महिना त्याला ओट्याशी उभं करावं. या थैलीत तेवढंच घालायचं राहतं.

दिवाळीत दारात येणारे पुरुष आणखीही असतात. वॉचमन, पोस्टमन, पेपर टाकणारा, दूधवाला, कचरा नेणारा. त्यांना द्यायच्या पैशांना मराठीत पोस्त म्हणतात, आणि पोस्त रोखच द्यावं. उरलेल्या मिठाईचा डबा किंवा कपाटातली न वापरलेली शाल त्यांच्या हातात ठेवून आपला हात झटकू नये. मिठाईचे असे डबे त्यांना दिवसभरात ढिगाने मिळतात. त्यांच्या घरच्या दिवाळीला तेल, डाळ आणि मुलांचे कपडे लागतात. वस्तू द्यायचीच तर वॉचमनला रात्रीसाठी थर्मास किंवा पुऱ्या बाह्यांचा लोकरी स्वेटर, पेपरवाल्याला चांगला रेनकोट.

पोस्ताच्या जोडीला आणखी एक गोष्ट सोसायटीत सहज करता येते, आणि तिला फक्त वेळ लागतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. अठरा ते सत्तर वयाच्या, बँकेत किंवा पोस्टात खातं असलेल्या कुणालाही तो घेता येतो. वॉचमन आणि सफाई कामगारांची बहुतेक वेळा खाती असतात, पण अर्ज कुणी भरून दिलेला नसतो. सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने त्यांना योजना समजावून सांगावी, त्यांच्या संमतीने एका सकाळी सगळ्यांचे अर्ज भरावेत, वारसाचं नाव त्यांना विचारून नीट लिहावं आणि बँकेची पोच त्यांच्याच हातात द्यावी. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाच्या खात्यात तेवढे पैसे आहेत ना, हे विचारायचं काम सोसायटीच्या सचिवांनी स्वतःकडे घ्यावं.